याडीनं चुडा उतरवला तेव्हा

याडी दिसायच्या आधी ऐकू यायची. तांड्याच्या खालच्या अंगाला हापसा आहे. तिथून ती घागर घेऊन निघाली की घरात बसल्या जागी कळायचं. आधी पायातले वाळे, मग घागऱ्याच्या काठाच्या कवड्या, मग मनगटापासून थेट दंडापर्यंत चढवलेल्या पांढऱ्या बांगड्या, आणि अगदी दारात आली की दोन्ही गालांवर लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या. तिच्या कांचळीवर, म्हणजे चोळीवर, पुढून सगळे आरसे जडवलेले होते. सकाळच्या उन्हात ती अंगणात उभी राहिली की समोरच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके हलायचे आणि कोंबडीची पिल्लं त्यांच्यामागे धावायची.

याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. ती माझी सासू, पण सगळा तांडाच तिला याडी म्हणायचा. आमचा तांडा कनेरगाव नाक्यापासून आत, रस्ता सोडून थोडा चालत गेलं की लागतो. घरात आम्ही आमच्या बोलीतच बोलतो. इथे मात्र मी तिचं बोलणं आमच्याकडच्या मराठीत लिहिते आहे, कारण परक्या माणसाशी ती तसंच बोलायची आणि त्यातही ती तीच राहायची.

मी लग्न होऊन आले तेव्हा तांड्यात हा जुना पेहराव अंगावर वागवणाऱ्या थोड्याच बाया उरल्या होत्या. बाकी सगळ्या साडीवर आल्या होत्या. आम्ही सुना तर गाऊनवर ओढणी घेऊन अंगण झाडायचो. याडीनं कधी त्यावरून नाक मुरडलं नाही. तिच्या कांचळीच्या खांद्याला कायम एक दोरा ओवलेली सुई टोचलेली असायची. कुणाचं काही उसवलेलं दिसलं की ती त्या माणसाला उभ्या उभ्या थांबवून टाका घालून द्यायची. एकदा मी विचारलं, "याडी, एवढं जड वाटत नाही का?" तर म्हणाली, "जड हाय ना. पण काढलं की मी हलकी होईन. मंग मलाच मी सापडायची न्हाई."

माझी मुलगी तनू ही तिची पहिली नात. माझ्या नवऱ्याची, विजयची, पिकअप गाडी आहे. हळदीचे कट्टे, म्हणजे पोती, हिंगोलीच्या मार्केटला नेऊन टाकायचे हा त्याचा धंदा. मुलगी झाली तेव्हा तो नेमका गाडी घेऊन बाहेर होता. दवाखान्यातून घरी आल्यावर शेजारची एक म्हातारी "पोरगीच का" म्हणाली, तेव्हा याडीनं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "आधी खा, मंग बोल." त्या दिवसापासून तनू तिच्या छातीवरच असायची. आरशांकडे टक लावून बघायची आणि बांगड्यांच्या आवाजात झोपी जायची. मी घेतलं की रडायची. मला त्याचं थोडं वाईटही वाटायचं.

तनू चार महिन्यांची असताना तिचे गाल लाल झाले. आधी वाटलं ऊन लागलं असेल. मग त्यातून पाणी यायला लागलं, खपल्या धरल्या, मग कोपरांच्या वळ्या आणि गुडघ्यांच्या मागची कातडी खरखरीत होऊन फुटली. लेकराला खाजवता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. तिला नीट बसताही येत नव्हतं, पण ती गाल माझ्या खांद्यावर घासायची, टाचा एकमेकींवर घासायची. सकाळी दुपट्यावर रक्ताचे बारीक ठिपके असायचे.

तांड्यातल्या ज्याला जे माहीत होतं ते त्यानं सांगितलं. याडीनंही केलं. कडुनिंबाचा पाला उकळून त्या कढत पाण्यानं आंघोळ, डाळीच्या पिठात हळद कालवून अंग चोळणं, वरून मोहरीचं तेल. हळद तर आमच्या घरातच होती, शेतातली, शिजवून वाळवलेली. तिच्यावर कोण शंका घेणार? लेकरू प्रत्येक आंघोळीला निळं होईस्तोवर रडायचं आणि दुसऱ्या दिवशी कातडी आणखी लाल दिसायची. मग दोष माझ्या दुधावर आला. वांगं बंद झालं, मग शेंगदाणे, मग अंडी, मग दूध. शेवटी मी ज्वारीची भाकर आणि मुगाचं वरण एवढंच खात होते आणि उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. कुणी म्हणालं देवीचं आहे. कुणी म्हणालं दुसऱ्या लेकरांना लागेल, हिला बाहेर आणू नका.

कुणीतरी पाल्याचा लेप दिला. तो लावल्यावर गालांवर पिवळी खपली धरली आणि लेकराचं अंग तापलं. त्या दिवशी सासरे, ज्यांना आम्ही बापू म्हणायचो, शेतातून लवकर आले. तनूकडे बघून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "गाडी कुठं हाय?" विजयनं आम्हाला हिंगोलीला लेकरांच्या दवाखान्यात नेलं. याडी पुढच्या सीटवर तनूला घेऊन बसली होती.

तिथली डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढीच असेल. तिनं तनूला उघडी करून सगळं अंग बघितलं आणि सांगितलं की याला एक्झिमा म्हणतात, कातडी जन्मतःच कोरडी असते, तिच्यातलं पाणी टिकत नाही, म्हणून ती फुटते आणि खाजते. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. आता त्यात जंतू शिरलेत म्हणून ताप आहे, त्याचं औषध देते. पण खरं काम घरी आहे, ती म्हणाली. कोमट पाणी, थोडाच वेळ, साबण घासायचा नाही. अंग टिपायचं, पुसायचं नाही. ओलसर असतानाच जाड मलम सगळ्या अंगाला, आणि दिवसातून पुन्हा पुन्हा. लाल चट्ट्यांवर वेगळी ट्यूब, पातळ थर, तिनं सांगितले तेवढेच दिवस. हळद, बेसन, मोहरीचं तेल, सगळं बंद. आणि मला म्हणाली, "तुम्ही जेवा. नीट जेवा."

मग तिनं तनूच्या गालावरच्या काही बारीक रेषा बोटानं दाखवल्या. नखांच्या नव्हत्या त्या, अर्धगोल होत्या. तिनं याडीकडे बघितलं, तिच्या कांचळीकडे बघितलं, आणि फार हळू आवाजात म्हणाली, "आजी, राग मानू नका. हिचा गाल या आरशांवर घासला जातोय. हिला मऊ सुती कपड्यावर घ्यायला हवं."

परतीच्या वाटेवर याडीनं तनूला माझ्याकडे दिलं आणि स्वतः खिडकीला चिकटून बसली. जणू तिच्या अंगाला काही लागलं होतं आणि ते लेकराला लागू नये.

आम्हाला घरी सोडून विजय पुन्हा गाडी घेऊन गेला. तिनं माझी एक जुनी, धुवून धुवून विटलेली सुती साडी मागून घेतली. मग अंगणातल्या दगडावर बसून हाताला साबणाचं पाणी लावून एकेक बांगडी उतरवायला लागली. मनगटावरच्या निघाल्या. कोपरावरच्या निघेनात. त्या तिच्या लग्नात चढवल्या होत्या, आणि नंतर दंड भरला होता. मी म्हटलं, "याडी, तेवढ्या राहू द्या." आमच्यात नवरा असेस्तोवर बाई चुडा उतरवत नाही. तो काढायची वेळ एकच असते, आणि ती वेळ सगळ्यांना माहीत असते. घुगऱ्यांचंही तेच.

तिनं माझं ऐकलं नाही. घरातून करवतीचं पातं आणलं आणि बाजेवर बसलेल्या बापूंच्या हातात दिलं.

बापूंनी पात्याची धार अंगठ्यानं चाचपली. म्हणाले, "मी जित्ता हाव ना अजून."

"म्हणूनच तुमाला देऊन राहिले," याडी म्हणाली. "तुमी गेल्यावर चार बाया येऊन काढतील. आज माझ्या मनानं निघून राहिलं, अन् तुमच्या हातानं. ह्याच्यात काय वाईट हाय?"

बापूंनी धोतराचा सोगा दुमडून तिचा दंड आणि बांगडी यांच्या मध्ये सरकवला, पातं लागू नये म्हणून. मग त्यांनी एक एक बांगडी कापली. पांढरा भुसा धोतरावर पडत होता. शेवटची निघाली तेव्हा तिच्या दंडाची कातडी मी पहिल्यांदा बघितली. सगळा हात उन्हानं काळवंडलेला, आणि बांगड्यांखालची कातडी कोवळी, फिकट. ती त्या हातांकडे अशी बघत होती की जणू कुणा दुसऱ्या बाईचे आहेत. मग तिनं घुगऱ्या काढल्या, साडी नेसली आणि तनूला घ्यायला हात पुढे केले.

तनू तिला ओळखेना. आवाज नव्हता, उजेड नव्हता. ती किंचाळून रडली आणि माझ्या गळ्याला बिलगली. याडीचे हात तसेच पुढे राहिले. मग तिनं जिभेनं टाळूवर टक् टक् असा आवाज काढायला सुरुवात केली, बैलाला हाकताना काढतात तसा. कितीतरी वेळ काढत राहिली. तनू रडता रडता थांबली, मान वळवून तिच्या तोंडाकडे बघायला लागली. त्यानंतर तोच तिचा आवाज झाला. घरात येताना, उठवताना, मलम लावताना, टक् टक्.

मी आजवर बरीच माणसं औषधपाणी करताना बघितली आहेत, पण याडीसारखं शिस्तीचं माणूस नाही बघितलं. डॉक्टरीणबाईनं जे सांगितलं त्यात तिनं स्वतःचं काही मिसळलं नाही, हे तिच्यासारख्या बाईला किती अवघड गेलं असेल ते मलाच माहीत. पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवायचं. आंघोळ लिंबाच्या सावलीत, वारा नसताना. बापूंची जुनी धोतरं फाडून टिपायची फडकी केलेली. टिपून झालं की जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, डबीतलं मलम, पांढरं, चिकट, तळहातावर घेऊन आधी कोमट करायचं आणि मग वरून खाली एकाच दिशेनं लावायचं. घासायचं नाही. ट्यूबमधलं औषध ती माझ्याकडून लावून घ्यायची, कारण किती आणि कुठं ते मला सांगितलं होतं. ती बाजूला उभी राहून म्हणायची, "बराबर लाव. कमी बी नगं, जास्त बी नगं." तांड्यातल्या एका माणसानं मेडिकलमधून कुठलीशी जोरदार ट्यूब आणून दिली, म्हणाला एका रात्रीत कातडी साफ होते. याडीनं ती घेतली, त्याला चहा पाजला आणि जाताना त्याच्या खिशात परत घातली. "डागदरीणबाईला इचारून सांगते," म्हणाली.

ज्या सुईनं तिनं आयुष्यभर आरसे जडवले, त्याच सुईनं ती आता झबली शिवायला लागली. तिची झबली बघून लोक हसायचे, कारण शिवण बाहेरच्या बाजूला असायची, उलटं घातल्यासारखं. आतून मात्र कुठे दोरा लागायचा नाही, टोचायचं नाही. तनूची नखं ती झोपेत कापायची. बापूंना बिडी ओढायची असली तर थेट कडब्याच्या गंजीकडे जावं लागायचं. हळद शिजवायचे, घासायचे दिवस आले की सगळ्या तांड्यात पिवळी धूळ उडते. त्या दिवसांत याडी तनूला घेऊन दूर बांधावरच्या आंब्याखाली जाऊन बसायची. विजय गाडीवरून आला की त्याला आंघोळ केल्याशिवाय पोरीला हात लावू द्यायची नाही. "तुह्या अंगाला धुळा हाय. तुला काय, तिला तकलीफ," एवढंच म्हणायची.

बरं वाटायचं, पुन्हा उठायचं. थंडीत जास्त, दात येताना जास्त. पहिल्यांदा पुन्हा चट्टे आले तेव्हा मी रडत बसले. मला वाटलं होतं एकदा गेलं म्हणजे गेलं. याडी म्हणाली, "हे काय एका पेरणीचं काम हाय का? गवत परत येतं. परत काढावं लागतं. काहून रडून राहिली?" आणि पाणी कोमट करायला गेली.

पण तिच्या उघड्या हातांचं तांड्यानं सोपं घेतलं नाही. तोंडावर कुणी बोलायचं नाही. एका लग्नात नवरीभोवती गाणं म्हणायला सवाष्णी गोळा झाल्या. तांड्यातलं कुठलंच लग्न याडीच्या गळ्याशिवाय झालं नव्हतं. त्या दिवशी तिला कुणी बोलावलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. फक्त तिच्यासाठी जागा केली नाही. ती तनूला खांद्यावर घेऊन मांडवाच्या मागच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि तिथूनच, अगदी हळू, पोरीच्या कानाशी ते गाणं म्हणत राहिली. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "तू जा पुढं. तुला काय झालं?"

तनू दोन वर्षांची झाली त्या हिवाळ्यात बापू गेले. हरभऱ्याच्या शेतात छातीत कळ आली, विजयनं गाडीत घातलं, आणि हिंगोली यायच्या आत संपलं. छातीची तक्रार त्यांना आधीपासून होती. गोळ्या कधी घ्यायचे, कधी नाही.

त्यांना नेल्यावर बाया याडीभोवती बसल्या. रीतीप्रमाणे आता तिचा चुडा उतरवायचा होता. पण उतरवायला काही नव्हतं. साधी साडी, मोकळे हात, मोकळे कान. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. बापूंची धाकटी बहीण कुरुंद्याकडच्या तांड्यात दिलेली आहे, तिला आम्ही आत्याबाई म्हणतो. ती याडीच्या अगदी समोर बसली होती. भावासाठी रडून रडून तिचा आवाज बसला होता. ती म्हणाली, "वैनी, तू तर आधीच उतरवून ठेवलं होतंस."

मला सांगायचं होतं की बांगड्या बापूंनीच कापल्या, स्वतःच्या हातानं, मी तिथं होते. मी तोंड उघडलं तोच याडीनं माझा हात धरला आणि इतका दाबला की माझी बोटं दुखली.

त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून बसली ती बसलीच. जेवायला दिलं तर चार घास खायची. तनूकडे बघायचीही नाही. तनूचं अंग त्या थंडीत पुन्हा फुटलं होतं. मी आंघोळ घालायचे, मलम लावायचे, पण ती माझ्या हाताखाली वळवळायची, रडायची आणि आजीच्या दाराशी जाऊन बसायची. याडी उठायची नाही. मला वाटलं ती पोरीवर रागावली आहे. विजयला वाटलं ती आता फार दिवस काढणार नाही.

एका दुपारी मी भाकरी करत होते. तनू कोनाड्याखालच्या पेटीवर चढली, जर्मनची डबी काढली आणि ती दोन्ही हातांनी धरून आजीपुढे जाऊन उभी राहिली. डबी तिच्या मांडीवर ठेवली. मग फ्रॉक वर करून स्वतःच पाय पुढे केला. याडी हलली नाही. तनू तशीच पाय पुढे करून उभी. मी तव्यावरची भाकरी करपू दिली, पण उठले नाही. बऱ्याच वेळानं याडीनं डबीचं झाकण काढलं. तळहातावर मलम घेतलं. लावता लावता ती रडायला लागली, आणि बापू गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी अंगणात शेंगा सोलत बसलो होतो. ती मान वर न करता म्हणाली, "तुला काय वाटतं, मी काढलं म्हणून गेले का ते?"

मी म्हटलं, "नाही, याडी. त्यांना छातीचं दुखणं होतं. तुम्हाला माहीत आहे."

"मला बी न्हाई वाटत," ती म्हणाली. "दिवसा न्हाई वाटत. रातीला वाटतं."

मग मी विचारलं की त्या दिवशी मला का बोलू दिलं नाही. त्यांनीच कापल्या होत्या, हे सगळ्यांना सांगितलं असतं तर आत्याबाईचं तोंड बंद झालं असतं.

"झालं असतं," याडी म्हणाली. "अन् मंग काय म्हणले असते? माणसानं आपल्या हातानं आपलं आयुष्य कापलं. मेल्यावर बी त्यायच्या नावाला लागलं असतं. मला लागलं ते बराबर हाय. मी हाव ना घ्यायला."

हे सांगताना तिच्या आवाजात कुठे रुसवा नव्हता. म्हणूनच मला ते अजून सहन होत नाही. तिनं विजयलाही ते कधी सांगू दिलं नाही. आज याडी आणि बापू दोघंही नाहीत, म्हणून मी लिहिते आहे.

त्यानंतर ती पुन्हा उठली, कामाला लागली, पण पहिली याडी नाही राहिली. शेतात जाणं सुटलं. तनूचं सगळं ती करायची, बाकी घरात असून नसल्यासारखी. लग्नाला, कार्याला गेली नाही. कुणाच्या उसवलेल्या कपड्याला टाका घातला नाही. तनू हळूहळू बरी होत गेली. गाल आधी साफ झाले, मग कोपरं. डॉक्टरीणबाई म्हणाली होतीच की बरीच लेकरं मोठी होता होता यातून बाहेर येतात, पण मलम सोडू नका. याडीनं सोडलं नाही.

तनू चार वर्षांची होती तेव्हा एक दिवस आत्याबाई आल्या. बापूंच्या वर्षश्राद्धानंतर त्या आमच्याकडे आल्याच नव्हत्या. बरोबर त्यांची सून होती आणि सुनेच्या कडेवर सहा-सात महिन्यांचा मुलगा. त्याच्या गालांकडे बघायचीही गरज नव्हती. तो आईच्या खांद्यावर गाल घासत होता, त्यावरूनच मला कळलं. सुनेचं तोंड सुकून गेलेलं, डोळे खोल गेलेले.

आत्याबाई दारातच थांबल्या. आत येऊ की नको असं त्यांना झालं होतं. म्हणाल्या, "वैनी, तनूला केलं तसं ह्याला काई करता येतं का, ते इचाराया आले."

याडी उठली. तिनं आत्याबाईंकडे बघितलंच नाही, थेट त्या सुनेपुढे गेली आणि तिच्या गालाला हात लावून म्हणाली, "तू काय खाऊन राहिली?"

सून म्हणाली, "भाकर अन् वरण."

"तिला आधी जेवू घाल," याडी मला म्हणाली. "समदं वाढ. शेंगदाण्याची चटणी बी वाढ." आणि त्या मुलीला म्हणाली, "तुह्यानं काई चुकलं न्हाई. तू काई केलं म्हणून हे झालं न्हाई. कोणी म्हणलं तरी ऐकू नगं."

मुलगी जेवता जेवता रडत होती. याडीनं पाणी कोमट केलं, कोपर बुडवून बघितलं, लेकराला मांडीवर घेतलं. हात चालत होते आणि तोंडानं ती त्या मुलीला सगळं सांगत होती, घाई न करता, एकेक गोष्ट. दवाखान्याचं नाव सांगितलं, उद्याच जा म्हणाली, मलम लावणं आपलं काम पण औषध डागदरीणबाईनंच द्यायला पायजे.

आत्याबाई उंबऱ्यात बसून हे बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "वैनी, त्या दिवशी मी जे बोलले..."

"फडकं दे ते," याडी म्हणाली. "पाणी गार होऊन राहिलं."

आत्याबाईंनी फडकं दिलं. याडीनं घेतलं. त्यापुढे त्या विषयावर दोघींत कधी काही झाल्याचं मला माहीत नाही. पण त्या दिवशी आत्याबाई मुक्कामाला राहिल्या, आणि सकाळी निघताना त्यांनी याडीच्या पायांवर डोकं ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही. याडी अवघडून उभी होती, दोन्ही हात मलमानं माखलेले, कुठं ठेवावे ते कळत नसल्यासारखे वर धरलेले.

गेल्या पावसाळ्यात याडीच्या पोटाचं दुखणं निघालं. नांदेडला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी विजयला बाजूला घेऊन सांगितलं की घरी न्या. घरी आणल्यावर ती महिनाभर होती. दुखायचं, पण ओरडली नाही. तनू शाळेतून आली की तिच्या बाजेवर चढून बसायची आणि शाळेतलं सांगायची. याडीचा हात सवयीनं तिच्या कोपराच्या वळीत जायचा. चाचपून बघायचा, काही नाही असं कळलं की तिथंच पडून राहायचा.

ती गेली त्या दिवशी आम्ही बायांनी तिला आंघोळ घातली. आत्याबाई कुरुंद्याहून आल्या होत्या. त्यांनी याडीचा उजवा हात धुवायला घेतला आणि थांबल्या. मला म्हणाल्या, "हे बघ." मी तो हात हातात घेतला. जन्मभर विळा धरलेला, शेण थापलेला, दगड वेचलेला हात होता तो. त्याचा तळवा मऊ होता. बोटांची टोकं मऊ होती. इतक्या वर्षांचं मलम तनूच्या अंगाला लागता लागता तिच्याही हातात मुरलं होतं. आत्याबाईंनी तो हात आपल्या गालाला लावला आणि मग त्यांना कुणी आवरू शकलं नाही.

तनू आता पहिलीत आहे. थंडीत गुडघ्यामागे थोडं कोरडं होतं, बाकी अंग कुणाही लेकरासारखं. परवा शाळेतून आली आणि मला म्हणाली, तिच्या वर्गात एका मुलाच्या हाताला खूप लाल लाल झालंय, त्याच्याजवळ कुणी बसत नाही. मी विचारलं, मग तू काय केलंस? म्हणाली, बसले. मग जरा थांबून तिनं विचारलं, "मम्मी, मला पण असं झालं होतं का?"

मी हो म्हटलं. तिनं आपला हात पुढे करून उलटापालटा करून बघितला. तिला त्यातलं काहीच आठवत नाही. रक्ताळलेलं दुपटं नाही, रडणं नाही, ते चुड्यानं भरलेले हातही नाहीत. मी तिला सगळं सांगायला बसले होते, पण ती तोवर खेळायला पळाली होती.